रंगवलेल्या घनाची कोडी कशी सोडवावीत

एक मोठा लाकडी घन सर्व बाजूंनी लाल रंगवला आणि मग त्याचे ६४ समान लहान घन केले, तर त्यांपैकी किती घनांची नेमकी दोन पृष्ठे रंगलेली असतील? या धाटणीचा प्रश्न शालेय शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरती आणि लोकसेवा आयोगाच्या तयारीपर्यंत बुद्धिमत्ता चाचणीत हमखास भेटतो. त्याची चार सूत्रे मार्गदर्शक पुस्तकांत चौकटीत छापलेली असतात आणि विद्यार्थी ती पाठही करतात. मात्र प्रश्नकर्त्याने एखादे पृष्ठ रंगवायचे सोडले, किंवा एका रंगाऐवजी तीन रंग वापरले, की पाठ केलेली सूत्रे तिथल्या तिथे निरुपयोगी ठरतात. माझ्या मते या कोड्यांत एकच गोष्ट खऱ्या अर्थाने शिकण्यासारखी आहे: लहान घन मोठ्या घनात कोठे बसला होता, हे पाहणे. ते जमले की सूत्रे आपोआप हाती येतात आणि ती विसरली तरी अडत नाही.

जागा चारच असतात

घनाला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू असतात, हे आपण शाळेत शिकलेले असतो. लहान घन या तिन्हींपैकी कशाला लागून आहे, यावर त्याची किती पृष्ठे रंगतील हे ठरते. शिरोबिंदूवर, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या लहान घनाची तीन पृष्ठे बाहेर दिसतात, त्यामुळे तीन रंगतात. कडेवर असलेल्या, पण कोपऱ्यात नसलेल्या घनाची दोन पृष्ठे रंगतात. पृष्ठाच्या मधल्या भागातल्या घनाचे एकच पृष्ठ रंगते. या सगळ्यांच्या आत जो गाभा उरतो, त्यातल्या घनांना रंगाचा स्पर्शही होत नाही.

आता ६४ घनांचे उदाहरण घेऊ. ६४ चे घनमूळ ४, म्हणून मोठ्या घनाच्या प्रत्येक कडेवर ४ लहान घन आहेत. कोपरे ८, म्हणून तीन पृष्ठे रंगलेले घन ८. एका कडेवरच्या चार घनांपैकी दोन टोकांचे घन कोपऱ्याचे असल्यामुळे आधीच मोजले गेले आहेत; उरले २, आणि कडा १२ असल्यामुळे दोन पृष्ठे रंगलेले घन १२ × २ = २४. एका पृष्ठावर १६ घन दिसतात, त्यांची बाहेरची किनार सोडली की मध्ये २ × २ = ४ उरतात, आणि पृष्ठे ६ असल्यामुळे एकच पृष्ठ रंगलेले घन ६ × ४ = २४. गाभा २ × २ × २ = ८ घनांचा. बेरीज ८ + २४ + २४ + ८ = ६४, म्हणजे एकही घन सुटला नाही आणि एकही दोनदा मोजला गेला नाही.

हेच सर्वसाधारण रूपात लिहायचे तर एका कडेवरच्या घनांची संख्या ‘न’ मानली असता तीन पृष्ठे रंगलेले ८, दोन पृष्ठे रंगलेले १२ × (न − २), एक पृष्ठ रंगलेले ६ × (न − २)², आणि अजिबात न रंगलेले (न − २)³ घन मिळतात. चारही ठिकाणी न − २ ही एकच संख्या खेळते आहे, आणि तिचा अर्थ प्रत्येक वेळी तोच आहे: दोन टोके वजा केल्यावर उरलेली लांबी. तिला अ म्हटले, तर चौघांची बेरीज अ³ + ६अ² + १२अ + ८ होते, आणि हा तर (अ + २)³ चा आठवीत शिकलेला विस्तार आहे. बीजगणितातले विस्तारसूत्र इथे लाकडाच्या तुकड्यांत मोजता येते, हे मला या कोड्याचे सर्वात सुंदर अंग वाटते. अ³ हा गाभा, ६अ² ही सहा पृष्ठांवरची पातळ पाटी, १२अ या बारा कडांवरच्या कांड्या आणि ८ हे कोपरे.

कडेवर तीन घन असलेला घन डोळ्यांसमोर आणायला रुबिक क्यूब पुरतो. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये बनवलेल्या या खेळण्यात तीन रंगांचे ८ कोपरे, दोन रंगांच्या १२ कडा आणि एका रंगाचे ६ मधले तुकडे असतात. बाहेरून दिसणारे तुकडे २६. सत्ताविसाव्या घनाच्या जागी, म्हणजे बरोबर गाभ्यात, तुकडे फिरवणारी यंत्रणा बसवलेली असते.

उत्तर तपासण्याचे दोन मार्ग

पहिला पडताळा वर आलाच: सर्व प्रकारच्या घनांची बेरीज एकूण घनांइतकी यायला हवी. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, कारण दोन प्रकारांत चुकून अदलाबदल झाली तरी बेरीज बिघडत नाही. म्हणून दुसरा पडताळा रंगाचा करावा. मोठ्या घनाच्या एका पृष्ठावर न² लहान चौकोन असतात, त्यामुळे सहा पृष्ठे रंगवली असतील तर एकूण ६न² चौकोन रंगलेले असले पाहिजेत. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक लहान घनाची रंगलेली पृष्ठे मोजून तीच संख्या यायला हवी. ६४ घनांच्या उदाहरणात (३ × ८) + (२ × २४) + (१ × २४) = ९६, आणि ६ × १६ सुद्धा ९६. पुढे येणाऱ्या अवघड प्रकारांत तर हा पडताळा टाळूच नये; त्याला अर्धे मिनिट लागते आणि तो बहुतेक चुका पकडतो.

थर काढून पाहणे

ज्यांना त्रिमितीय आकृती मनात फिरवणे जड जाते, त्यांनी घनाचे आडवे थर कागदावर मांडावेत. कडेवर चार घन असतील तर चार चौकटी काढाव्यात आणि प्रत्येक घरात त्या घनाच्या रंगलेल्या पृष्ठांची संख्या लिहावी. पूर्ण रंगवलेल्या घनाचा सर्वात वरचा थर असा दिसेल:

३ २ २ ३
२ १ १ २
२ १ १ २
३ २ २ ३

त्याच्या खालचा थर असा:

२ १ १ २
१ ० ० १
१ ० ० १
२ १ १ २

तिसरा थर दुसऱ्यासारखाच आणि सर्वात खालचा थर पहिल्यासारखा असतो. दोन्ही चौकटी नीट पाहिल्या तर लक्षात येईल की वरच्या थरातला प्रत्येक आकडा दुसऱ्या थरातल्या त्याच घरातल्या आकड्यापेक्षा बरोबर एकाने जास्त आहे. तो जादा एक म्हणजे वरच्या पृष्ठाचा रंग. एवढे समजले की पृष्ठ न रंगवल्याची कोडी याच चौकटीवर सुटतात: जे पृष्ठ रंगवलेले नाही, त्याला लागून असलेल्या प्रत्येक घरातून एक वजा करायचा. तळ न रंगवलेला असेल तर खालच्या थरात पहिल्या चौकटीऐवजी दुसरी चौकट येते. लहान मुलांना शिकवताना मी सूत्रांच्या आधी हीच पद्धत देण्याच्या मताचा आहे, कारण तिच्यात मूल स्वतः मोजते आणि स्वतःच नियम शोधते.

काही पृष्ठे कोरी सोडली तर

टेबलावर ठेवलेला घन रंगवला आणि तळ कोरा राहिला, असा प्रश्न नेहमी येतो. कडेवर चार घन आहेत असेच धरू. इथे गाभ्याची व्याख्या बदलते, कारण तळाच्या मधले घनही आता बिनरंगी आहेत. नियम असा लक्षात ठेवावा की कोणत्याही दिशेची आतली लांबी काढताना रंगलेल्या टोकासाठीच एक वजा करायचा, कोऱ्या टोकासाठी नाही. डावी-उजवी दोन्ही टोके रंगलेली, म्हणून ४ − २ = २; पुढची-मागची दोन्ही रंगलेली, म्हणून २; वरचे टोक रंगलेले पण खालचे कोरे, म्हणून ४ − १ = ३. बिनरंगी घन २ × २ × ३ = १२.

बाकीचे प्रकारही याच मापांनी मिळतात. तीन रंगलेली पृष्ठे जिथे मिळतात असे कोपरे फक्त वरचे ४ उरले. दोन रंगलेली पृष्ठे मिळतात अशा कडा आता आठ: वरच्या चार, ज्यांच्यावर प्रत्येकी २ घन, आणि उभ्या चार, ज्यांच्यावर वरचा कोपरा वगळून प्रत्येकी ३ घन. मिळून ८ + १२ = २०. एकच पृष्ठ रंगलेले घन वरच्या पृष्ठावर २ × २ = ४ आणि चार उभ्या पृष्ठांवर प्रत्येकी २ × ३ = ६, एकूण २८. बेरीज ४ + २० + २८ + १२ = ६४. रंगाचा पडताळा १२ + ४० + २८ = ८०, आणि रंगवलेली पाच पृष्ठे × १६ = ८०.

दोन पृष्ठे कोरी असतील तर ती समोरासमोरची आहेत की शेजारची, हे आधी वाचावे. पुष्कळजण इथेच घाई करतात. वरचे आणि खालचे पृष्ठ कोरे असेल, तर बिनरंगी घन २ × २ × ४ = १६, चार उभ्या कडांवरचे दोन पृष्ठे रंगलेले घन ४ × ४ = १६, एक पृष्ठ रंगलेले ४ × २ × ४ = ३२, आणि तीन पृष्ठे रंगलेला घन एकही नाही. तळ आणि पुढचे पृष्ठ कोरे असेल, तर चित्र पूर्ण वेगळे होते. बिनरंगी घन २ × ३ × ३ = १८ होतात. तीन पृष्ठे रंगलेले कोपरे दोनच, दोन्ही वर आणि मागे. रंगलेली पृष्ठे एकमेकांना भेटतात अशा कडा पाच: वर-मागे या कडेची दोन्ही टोके त्या दोन कोपऱ्यांत गेल्याने तिच्यावर २ घन, आणि वर-डावी, वर-उजवी, मागे-डावी, मागे-उजवी या चार कडांचे एकेकच टोक गेल्याने प्रत्येकी ३, मिळून १४. एक पृष्ठ रंगलेले घन वर ६, मागे ६, डावीकडे ९, उजवीकडे ९, म्हणजे ३०. बेरीज १८ + २ + १४ + ३० = ६४, आणि रंगाचा पडताळा ६ + २८ + ३० = ६४, म्हणजे ४ × १६. कोऱ्या पृष्ठांची संख्या दोन्हीकडे सारखीच, तरी एकही उत्तर जुळत नाही.

एकाहून अधिक रंग

अनेक रंगांच्या कोड्यात घन मोजण्याआधी कडा मोजाव्यात. साधा प्रकार म्हणजे समोरासमोरच्या पृष्ठांना एकच रंग: वर-खाली लाल, पुढे-मागे निळा, डावी-उजवीकडे हिरवा. इथे प्रत्येक कोपऱ्यात तिन्ही रंग भेटतात, आणि बारा कडांपैकी चार लाल-निळ्या, चार निळ्या-हिरव्या, चार हिरव्या-लाल असतात. कडेवर पाच घन असतील, म्हणजे एकूण १२५, तर फक्त लाल आणि निळा रंग असलेले घन ४ × ३ = १२. ‘फक्त लाल’ म्हणजे दोन पृष्ठांच्या मधले २ × ९ = १८ घन; ‘किमान एक पृष्ठ लाल’ म्हणजे वरचा व खालचा पूर्ण थर, २ × २५ = ५० घन. ‘फक्त’, ‘किमान’ आणि ‘नेमके’ हे शब्द प्रश्नात अधोरेखित करण्याची सवय लावून घ्यावी.

खरी कसोटी लागते ती शेजारच्या पृष्ठांना एकच रंग दिल्यावर. वरचे आणि पुढचे पृष्ठ लाल, खालचे आणि मागचे निळे, डावे आणि उजवे हिरवे, कडेवर चार घन. आता वर-पुढे ही कड लाल-लाल आहे आणि खाली-मागे ही कड निळी-निळी. लाल-निळ्या कडा फक्त दोन राहतात: वर-मागे आणि खाली-पुढे. उरलेल्या आठ कडांपैकी चार लाल-हिरव्या, चार निळ्या-हिरव्या. कोपऱ्यांचेही तसेच: वर-पुढे-डावीकडच्या कोपऱ्यात दोन लाल आणि एक हिरवे पृष्ठ आहे, म्हणजे त्याची पृष्ठे तीन रंगली, पण रंग दोनच. तिन्ही रंग असलेले कोपरे ८ नसून ४ आहेत.

यावरून हिशेब असा मांडता येतो. नेमका एक रंग असलेले घन म्हणजे पृष्ठांच्या मधले ६ × ४ = २४, अधिक लाल-लाल कडेवरचे २, अधिक निळ्या-निळ्या कडेवरचे २, एकूण २८. नेमके दोन रंग असलेले घन म्हणजे दुरंगी दहा कडांवरचे २० आणि दोन रंगांचे ४ कोपरे, एकूण २४. तिन्ही रंगांचे ४, बिनरंगी ८. बेरीज ६४. ‘दोन पृष्ठे रंगलेले’ आणि ‘दोन रंग असलेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणात इतके स्वच्छ दिसते की ते एकदा तरी स्वतः कागदावर सोडवून पाहावे.

घनाऐवजी इष्टिकाचिती

लांबी, रुंदी आणि उंची वेगळी असली तरी विचार तोच राहतो. फक्त तीन दिशांच्या आतल्या लांब्या वेगळ्या काढाव्या लागतात. ५ × ४ × ३ मापाच्या पूर्ण रंगवलेल्या ठोकळ्यात त्या ३, २ आणि १ आहेत. प्रत्येक दिशेला चार कडा असतात, म्हणून दोन पृष्ठे रंगलेले घन ४ × (३ + २ + १) = २४; एक पृष्ठ रंगलेले २ × (६ + २ + ३) = २२; गाभा ३ × २ × १ = ६; कोपरे ८; एकूण ६०. एखादी बाजू २ असेल तर त्या दिशेची आतली लांबी शून्य होते आणि गाभा नाहीसा होतो, पण हिशेबाची रीत चालते. बाजू १ असेल तर मात्र रीत मोडते, कारण आता एकच घन वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवर असतो. ५ × ४ × १ या पाटीत चार कोपऱ्यांच्या घनांची चार-चार पृष्ठे रंगतात, किनारीवरच्या १० घनांची तीन-तीन आणि मधल्या ६ घनांची दोन-दोन. इथे सूत्र वापरणारा चुकतो आणि जागा पाहणारा बरोबर उत्तर देतो.

उलटे प्रश्न आणि काप

कधी उत्तर देऊन मूळ घन विचारतात. ‘बिनरंगी घन १२५, तर एकूण घन किती?’ येथे न − २ = ५, म्हणून न = ७ आणि एकूण ३४३. ‘एक पृष्ठ रंगलेले आणि अजिबात न रंगलेले घन समान’ असे दिले तर ६अ² = अ³, म्हणजे अ = ६ आणि न = ८; तेथे दोन्ही प्रकारचे घन २१६ येतात. न = ४ हा घन तर दोन्ही बाजूंनी जुळलेला आहे: ८, २४, २४, ८. परीक्षेत ६४ घनांचा प्रश्न वारंवार दिसतो, आणि एक-दोन पृष्ठांची गल्लत केली तरी त्यात उत्तर बरोबर येते; म्हणून सराव नेहमी १२५ किंवा २१६ घनांवर करावा.

कापांचा प्रश्न आला तर एका दिशेला जितके काप, त्याहून एक अधिक भाग, हे पुरेसे आहे. तुकडे न हलवता, पृष्ठांना समांतर दहा काप देऊन जास्तीत जास्त तुकडे हवे असतील, तर काप तिन्ही दिशांना शक्य तितके सारखे वाटावेत: ३, ३ आणि ४, म्हणजे ४ × ४ × ५ = ८० तुकडे. २७ घनांसाठी सहा काप लागतात, आणि कापलेले तुकडे मध्येच एकावर एक रचले तरी सहाहून कमी कापांत काम होत नाही. कारण अगदी मधल्या घनाची सहाही पृष्ठे कापातूनच तयार व्हावी लागतात आणि एक सरळ काप त्याचे एकच पृष्ठ घडवतो.

सरावासाठी एक मोठे कोडे

एवढे हाती आल्यावर हे कोडे घ्यावे. २७ कोरे लहान घन आहेत. त्यांची पृष्ठे लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांनी अशी रंगवायची की त्याच २७ घनांपासून आज बाहेरून पूर्ण लाल, मग पूर्ण निळा आणि मग पूर्ण हिरवा असा मोठा घन रचता यावा. उपलब्ध पृष्ठे २७ × ६ = १६२, आणि तीन वेळा लागणारी पृष्ठे ३ × ५४ = १६२; म्हणजे एकही पृष्ठ वाया घालवता येणार नाही.

इथेही जागांपासूनच सुरुवात करावी. प्रत्येक रंगासाठी तीन पृष्ठांचे ८, दोन पृष्ठांचे १२, एका पृष्ठाचे ६ आणि शून्य पृष्ठांचा १ घन लागतो. एखाद्या घनात एक रंग शून्य असेल तर उरलेले दोन रंग तीन-तीन पृष्ठांवर यावेच लागतात, कारण तीनाहून अधिक पृष्ठे कोणत्याही एका रंगाच्या कामी येत नाहीत. असे घन प्रत्येक रंगासाठी एक, एकूण ३. एक रंग एकाच पृष्ठावर असेल तर उरलेले दोन रंग दोन आणि तीन पृष्ठांवर येतात. प्रत्येक रंगाला असे एकपृष्ठी घन सहा हवेत, म्हणून हे १८ घन, आणि कोणता रंग किती पृष्ठांवर याच्या सहा तऱ्हांपैकी प्रत्येक तऱ्हेचे तीन केले की वाटणी समान होते. उरलेल्या ६ घनांवर तिन्ही रंग दोन-दोन पृष्ठांवर द्यावेत. आता लाल रंग मोजा: तीन पृष्ठांवर २ + ६ = ८, दोन पृष्ठांवर ६ + ६ = १२, एका पृष्ठावर ६, शून्य १. निळा आणि हिरवाही असाच भरतो. रंगवताना एवढेच पाहायचे की एका रंगाची तीन पृष्ठे एकाच कोपऱ्यात मिळावीत आणि दोन पृष्ठे असतील तर ती शेजारची असावीत, समोरासमोरची नसावीत.